रहिवाशांचे कल्याण कसे मोजतात? गिरगाव ते लालबाग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एखाद्या वस्तीतल्या लोकांचे बरे चालले आहे की नाही, हे ठरवण्यासाठी दोन प्रकारची माहिती गोळा केली जाते. पहिली वस्तुनिष्ठ : घराचे क्षेत्रफळ, नळाला पाणी येण्याची वेळ, उत्पन्न, शिक्षण, बालमृत्यू, आयुर्मान. दुसरी व्यक्तिनिष्ठ : माणूस स्वतःच्या आयुष्याबद्दल काय सांगतो. या दोहोंतून जे चित्र उभे राहते, त्याला ‘रहिवाशांचे कल्याण’ म्हणतात. हे मोजमाप लहान शहरात करणे सोयीचे असते आणि मुंबईसारख्या महानगरात निरर्थक ठरते, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात मुंबई महापालिकेचा एकेक वॉर्ड हेच एक शहर आहे. २०११च्या जनगणनेत लालबाग-परळचा समावेश असलेल्या एफ दक्षिण विभागाची लोकसंख्या ३,६०,९७२ होती आणि गिरगावचा मोठा भाग असलेल्या डी विभागाची ३,४६,८६६. दादर पश्चिम, माहीम आणि धारावी मिळून झालेल्या जी उत्तर विभागात ५,९९,०३९ लोक राहत होते. त्याच वर्षी अख्ख्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. त्यामुळे लहान शहराला लागू पडणारे मोजमापाचे सगळे प्रश्न इथेही लागू पडतात, आणि त्यांच्याबद्दलचे गैरसमजही.

गैरसमज १ : कल्याण मोजणे ही अलीकडे परदेशातून आलेली टूम आहे.

वस्तुस्थिती : या कामाला मुंबईत शंभर वर्षे होऊन गेली आहेत. मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कार्यालय स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘लेबर गॅझेट’ हे मासिक सुरू झाले. जुलै १९१४ मधील किमती १०० धरून कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक त्यात छापला जाई. १९२१-२२ मध्ये या कार्यालयाने कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची पाहणी केली. धान्य, भाडे, कपडालत्ता, सावकाराचे व्याज अशा बाबींवर किती पैसे जातात, हे घरोघर विचारण्यात आले. पाहणीतली ९७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत असल्याचे त्यातून समोर आले.

ए. आर. बर्नेट-हर्स्ट या अर्थशास्त्रज्ञाने इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टन, वॉरिंग्टन, रेडिंग अशा लहान शहरांतील कामगारांच्या दारिद्र्याची पाहणी संख्याशास्त्रज्ञ ए. एल. बाउली यांच्यासोबत केली होती. नमुना निवडून पाहणी करण्याची तीच रीत त्याने परळच्या वस्तीत वापरली. मुंबईतील कामगार आणि त्यांची घरे यांवरचे त्याचे पुस्तक १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले. लहान शहरासाठी तयार झालेली पद्धत परळ-लालबागच्या गिरणगावात तेव्हाच येऊन पोचली होती.

गैरसमज २ : सरकारी नोंदीतला आकडा जसाच्या तसा वाचावा.

वस्तुस्थिती : नोंद कुठे होते, हे कळल्याखेरीज आकड्याचा अर्थ लागत नाही. १९२१ मध्ये मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार जन्मांमागे ८२८ बालमृत्यू नोंदले गेले. परिस्थिती भयंकर होती यात शंका नाही, पण हा आकडा आणखी फुगण्याचे एक कारण नोंदणीतच होते. गिरणी कामगारांच्या बायका बाळंतपणाला कोकणात किंवा देशावर आपल्या गावी जात. मूल जन्मले गावी, त्यामुळे त्याचा जन्म मुंबईच्या दप्तरात आला नाही. आई परत आल्यावर ते दगावले, तो मृत्यू मात्र मुंबईत नोंदला गेला. छेद लहान राहिला आणि अंश मोठा झाला.

आजही असाच पेच आहे. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार मृत्यू जिथे घडतो तिथे त्याची नोंद होते. १९२६ मध्ये सुरू झालेले केईएम, १९४१चे टाटा स्मारक रुग्णालय आणि वाडिया रुग्णालये एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर परळमध्ये आहेत. तिथे राज्यभरातून आणि देशभरातून रुग्ण येतात. घटनास्थळानुसार मोजले तर परळचा मृत्युदर चढा दिसतो, आणि खाटांची संख्या लोकसंख्येने भागली तर परळकरांइतके भाग्यवान कोणी नाही असे वाटते. परळच्या रहिवाशांच्या तब्येतीबद्दल या दोन्ही आकड्यांतून फारसे काही कळत नाही. त्यासाठी मृताच्या किंवा रुग्णाच्या राहत्या पत्त्यावरून आकडे नव्याने लावावे लागतात.

गैरसमज ३ : परिसराचे सरासरी उत्पन्न वाढले, म्हणजे तिथले लोक सुधारले.

वस्तुस्थिती : माणसे बदलली तरी सरासरी वाढते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. पुढे बहुतेक गिरण्या बंद पडल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी केली आणि लोअर परळ भागात कार्यालये, मॉल आणि टॉवर उभे राहिले. हिशेब करून पाहू. समजा, एका चाळीत ८० कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाचे मासिक उत्पन्न २५ हजार रुपये आहे. शेजारच्या टॉवरमध्ये महिना ५ लाख कमावणारी २० कुटुंबे राहायला आली. शंभर कुटुंबांची सरासरी निघते १ लाख २० हजार. एवढे उत्पन्न असलेले एकही कुटुंब त्या शंभरांत नाही आणि चाळीतल्या कोणाच्याही पगारात रुपयाची भर पडलेली नाही. अशा ठिकाणी मध्यक पाहावा, म्हणजे उत्पन्नानुसार रांग लावून मधोमध येणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न पाहावे. या उदाहरणात मध्यक २५ हजारच राहतो.

जे निघून गेले ते तर मोजणीत येतच नाहीत. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३,३८,०३१ होती, ती २०११ मध्ये ३०,८५,४११ झाली. दहा वर्षांत साडेसात टक्क्यांनी घटली. लालबाग किंवा गिरगावची खोली सोडून विरार, डोंबिवली, बदलापूरला गेलेल्या कुटुंबाचे भले झाले की वाईट, हे जुन्या वॉर्डाच्या आकड्यांत कधीच दिसत नाही.

गैरसमज ४ : वॉर्डाचा आकडा वॉर्डातल्या प्रत्येकाला लागू पडतो.

वस्तुस्थिती : जी उत्तर विभागात सुमारे २८ एकरांचे शिवाजी पार्क आहे आणि धारावीही आहे. मोकळ्या जागेचे क्षेत्रफळ लोकसंख्येने भागले की दोन्हीकडच्या माणसाच्या वाट्याला कागदावर सारखीच जागा येते. शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी बसणारा माणूस आणि धारावीच्या बोळात वाढणारे मूल यांचा अनुभव मात्र एक नाही. म्हणून ‘दरडोई किती’ यापेक्षा ‘घरापासून दहा मिनिटे चालत जाऊन मैदान गाठता येते का’ हा प्रश्न जास्त उपयोगी ठरतो. संडास, नळ, दवाखाना, बालवाडी यांनाही हेच लागू आहे.

गैरसमज ५ : निर्देशांक म्हणजे परीक्षेतले गुण आणि क्रमांक म्हणजे निकाल.

वस्तुस्थिती : मुंबईच्या २००९च्या मानव विकास अहवालात एम पूर्व विभागाचा निर्देशांक ०.०५ असा होता. त्याचा अर्थ तिथे पाचच टक्के विकास झाला, असा होत नाही. असे निर्देशांक काढताना बहुधा सर्वांत खालच्या स्थितीला शून्य आणि सर्वांत वरच्या स्थितीला एक धरतात आणि बाकीच्यांना मधे बसवतात. मोजपट्टीची टोके बदलली की आकडाही बदलतो. महाराष्ट्राच्या २०१२च्या अहवालात सगळी मुंबई ०.८४१ वर होती, कारण ती मोजपट्टी वेगळी होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही.

क्रमांकांचेही तसेच. केंद्र सरकारच्या ‘ईझ ऑफ लिव्हिंग’ निर्देशांकात २०१८ मध्ये बृहन्मुंबई १११ शहरांत तिसरी होती; २०२०च्या आवृत्तीत दहा लाखांवरच्या ४९ शहरांत ती दहावी आली. दोन वर्षांत शहर सात पायऱ्या घसरले, असे म्हणणे चूक ठरेल. दुसऱ्या वेळी शहरांचे गट वेगळे होते, निकष बदललेले होते आणि नागरिकांच्या मतांना ३० टक्के भार दिलेला होता. परदेशी सल्लागार संस्थांच्या ‘राहण्यायोग्य शहरां’च्या याद्यांचा हेतूच निराळा असतो. परदेशात पाठवलेल्या अधिकाऱ्याला गैरसोयीचा भत्ता किती द्यायचा, हे ठरवायला कंपन्या त्या वापरतात. नायगावच्या भाडेकरूच्या पाण्याचा त्यात विचार नसतो.

गैरसमज ६ : वस्ती लहान असेल तर थोड्या लोकांना विचारले तरी चालते; आणि लाखोंनी उत्तरे दिली तर सर्वेक्षण बिनचूक ठरते.

वस्तुस्थिती : दोन्ही विधाने चूक आहेत. ‘होय-नाही’ स्वरूपाचे उत्तर ९५ टक्के खात्रीने, पाच टक्के इकडेतिकडे इतक्या अचूकपणे हवे असेल, तर तीस लाखांच्या शहरात चिठ्ठी टाकल्यासारखी निवडलेली सुमारे ३८५ माणसे लागतात. साडेतीन लाखांच्या वॉर्डातही जवळपास तेवढीच लागतात. पाच हजारांच्या चाळसमूहातसुद्धा ३५७ लागतात. सगळ्या मुंबईतून हजार माणसे निवडली, तर एकेका वॉर्डाच्या वाट्याला चाळीस-पन्नास येतात आणि तेवढ्यावर लालबागविषयी काहीही ठामपणे सांगता येत नाही.

उलट, २०२०च्या केंद्रीय सर्वेक्षणात देशभरातून ३२ लाखांहून अधिक लोकांनी मते नोंदवली. पण आपणहून मत नोंदवणारा आणि नमुन्यात निवडला गेलेला, ही दोन वेगळी माणसे असतात. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ मासिकाकडे १९३६ मध्ये सुमारे २४ लाख मतपत्रिका परत आल्या होत्या. त्यांच्या आधारे मासिकाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन निवडून येतील असे भाकीत केले आणि प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले.

चाळीत आणखी एक अडचण येते. सकाळी अकरा ते दुपारी चारमध्ये फिरणाऱ्या पाहणी करणाऱ्याला निवृत्त माणसे आणि गृहिणी भेटतात. नोकरदार रात्री आठनंतर घरी येतात. कुलूप दिसले म्हणून शेजारच्या दारात विचारून फॉर्म भरला, तर नमुना बिघडतो. त्याच दारात संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा जावे लागते.

गैरसमज ७ : सुख ही मनाची गोष्ट, ती विचारून कळत नाही.

वस्तुस्थिती : नीट विचारले तर कळते, पण एकाच प्रश्नाने कळत नाही. ब्रिटनचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय २०११ पासून शून्य ते दहाच्या पट्टीवर चार प्रश्न विचारते : आयुष्याबद्दल समाधान किती, आपण करतो ते सार्थकी लागते असे किती वाटते, काल किती आनंदात होता आणि काल किती चिंतेत होता. अमेरिकेतील सुमारे पाऊण लाख वस्तीच्या सोमरव्हिल या शहरानेही २०११ मध्ये नगरपालिकेच्या वार्षिक गणनेच्या पत्रकासोबत रहिवाशांना त्यांच्या सुखाविषयी विचारले होते.

उत्तरे वाचताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. एक, माणूस परिस्थितीला सरावतो. चार बिऱ्हाडांत एक संडास असलेल्या मजल्यावर जन्म काढलेली बाई ‘बरं चाललंय’ असे म्हणते, तेव्हा संडासाची गैरसोय संपलेली नसते. तीच बाई शेजाराला दहापैकी नऊ देईल आणि संडासाला दोन. म्हणून शेजार, घर, प्रवास, तब्येत, पैसा यांविषयी वेगवेगळे विचारतात आणि त्या उत्तरांची घाईने सरासरी काढत नाहीत. दुसरी गोष्ट वेळेची. गणेशोत्सवात लालबागमध्ये विचारलेला प्रश्न आणि जुलैत जिन्यात पाणी गळत असताना विचारलेला तोच प्रश्न यांची उत्तरे एका तक्त्यात बसवता येत नाहीत.

गैरसमज ८ : कुटुंबप्रमुखाला विचारले की घराची माहिती मिळाली.

वस्तुस्थिती : घराच्या चार भिंतींच्या आतही वाटप सारखे नसते. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८ मिनिटे. पहाटे पाणी भरायला कोण उठते, दवाखान्यात जायचे कोण पुढे ढकलते, हे पगाराच्या आकड्यातून कळत नाही. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या हजारो कामगारांना डबे देणाऱ्या खानावळवाल्या बायकांचे श्रम असेच घरकामात जमा धरले जात. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारल्यावर या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले आणि त्यांचे काम उद्योग म्हणून हिशेबात आले.

गैरसमज ९ : मोठे घर मिळाले की कल्याण साधले.

वस्तुस्थिती : बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या २०७ चाळींपैकी १२१ वरळीला, ४२ नायगावला, ३२ ना. म. जोशी मार्गावर आणि १२ शिवडीला होत्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर मिळते. वरळीतील ५५६ कुटुंबांना अशा घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. घरातला संडास, वेगळे स्वयंपाकघर, अभ्यासाला कोपरा हा उघड फायदा आहे. मात्र त्याच वेळी लिफ्टचे आणि देखभालीचे खर्च, सामायिक गॅलरीत पोरांवर नजर ठेवणारे शेजारी आणि म्हाताऱ्यांचा खाली उतरण्याचा प्रश्न हेही बदलतात. निव्वळ फायदा किती, हे कळायला स्थलांतराआधी आणि नंतर त्याच कुटुंबांना तेच प्रश्न विचारावे लागतात. आधीची नोंद नसेल, तर नंतरचे समाधान कशाशी ताडून पाहायचे, हा प्रश्न उरतो.

सारांश, रहिवाशांच्या कल्याणाचा कोणताही आकडा समोर आला की चार गोष्टी तपासाव्यात : तो कोणाला मोजून काढला आहे, नोंद कुठे झाली आहे, छेद कोणता घेतला आहे आणि तुलना कशाशी केली आहे. यातला छेद सध्या सर्वांत कच्चा आहे. २०२१ची जनगणना झाली नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरलेली आहे. तिचे वॉर्डनिहाय आकडे हाती येईपर्यंत गिरगाव, दादर, परळ किंवा लालबागविषयीचा प्रत्येक दरडोई आकडा २०११च्या लोकसंख्येवर किंवा तिच्यावरून बांधलेल्या अंदाजावर उभा आहे, हे धरूनच तो वाचावा.