पटावरची पहिली चाल

फाशांचा खेळ म्हटला की आपले मन थेट हस्तिनापूरच्या द्यूतसभेत जाऊन उभे राहते, आणि जेथे सारे दानावर अवलंबून तेथे बुद्धीला काय काम, असे विचारू लागते. बॅकगॅमन या खेळाविषयी असे विचारणे मात्र अन्यायाचे होईल. हा खेळ इराणी नर्दाच्या कुळातला. एका जुन्या पहलवी ग्रंथात अशी कथा आहे की, हिंदुस्थानच्या राजाने बुद्धिबळाचा पट इराणच्या खुश्रू अनूशिरवान राजाकडे कोडे म्हणून पाठविला. त्याच्या बुजुर्गमेहर नावाच्या प्रधानाने ते कोडे तर सोडविलेच, शिवाय नर्दाचा पट रचून उलट इकडे पाठविला. त्यातल्या १५ काळ्या सोंगट्या म्हणजे रात्री आणि १५ पांढऱ्या म्हणजे दिवस. कथेचे खरेखोटे कसेही असो, आपल्याकडे सोंगटीला 'नरद' असा जो जुना शब्द आहे, तो तिकडचाच.

पटावर घरे २४. प्रत्येक खेळाडू ती आपल्या बाजूने मोजतो. २४ व्या घराकडून निघून शेवटच्या सहा घरांत यायचे आणि तेथून सोंगट्या पटाबाहेर काढायच्या. आरंभी २४ व्या घरात दोन, १३ व्यात पाच, ८ व्यात तीन आणि ६ व्यात पाच सोंगट्या असतात. प्रतिपक्षाची मांडणी हीच, पण उलट दिशेने. त्यामुळे त्याच्या दोन सोंगट्या आपल्या पहिल्या घरात, आपल्या अंगणातच म्हणा ना, ठाण मांडून असतात. दोन सोंगट्यांचा जुग जमला की ते घर आपले. एकटी पडलेली सोंगटी मात्र मारली जाते आणि तिला सारा प्रवास पुन्हा करावा लागतो.

पहिल्या दानासाठी दोघेही एकेक फासा टाकतात. ज्याचा आकडा मोठा, त्याने ते दोन्ही आकडे खेळायचे. सारखे आकडे पडले तर फासे पुन्हा टाकायचे. म्हणून पहिल्या दानाचे प्रकार अवघे पंधरा. त्यांपैकी काही दाने विचाराला जागाच ठेवीत नाहीत. तीन-एक पडले, तर ८ व्या घरातून तीन आणि ६ व्यातून एक चालून ५ व्या घरात जुग करावा. चार-दोनला तसेच ४ थे घर, सहा-एकला ७ वे. सहा-पाच पडले, तर मागची एक सोंगटी २४ वरून थेट १३ व्या घरी सुखरूप पोहोचते.

पण दोन-एक पडले तर? येथे खरा पेच आहे. ५ वे घर हे आपल्या बाजूचे सर्वांत मोलाचे घर. ६ वे आणि ८ वे आपल्याकडे आहेतच. त्यांना ५ वे मिळाले की अंगणात बसलेल्या त्या दोघांच्या वाटेवर भिंत उभी राहू लागते. म्हणून पुष्कळ जाणते खेळाडू दोनाने १३ वरून ११ वर येत आणि एकाने ६ वरून एक सोंगटी ५ व्या घरात एकटीच ठेवीत. पुढच्या दानाला तिला जोडीदार मिळेल ही आशा. धोका किती? फाशांची ३६ दाने धरली तर चार पडणारी ११, तीन-एकची दोन, दोन-दोनचे एक आणि एक-एकचे एक, अशी १५ दाने तिला मारतात. मारली गेली की आपली २० घरांची चाल बुडते. आणि एका दानाची सरासरी चाल आठ घरांहून किंचितच अधिक आहे.

दुसरा मार्ग असा की, तो एक मागच्या जुगाला द्यावा आणि २४ वरून एक सोंगटी २३ वर सरकवावी. ती मारली गेली तर बुडतात फक्त दोन घरे! आरंभीच्या चालीचे सारे गणित या विषमतेत आहे. जी सोंगटी घरी पोहोचत आली आहे तिचे मरण महाग, जिने प्रवास सुरूच केलेला नाही तिचे स्वस्त.

इतके उघड असूनही तज्ज्ञांचा कल वर्षानुवर्षे पहिल्या मार्गाकडे होता; चार-एक आणि पाच-एक या दानांनाही ते एक ५ व्या घरातच खर्च करीत. १९९२ साली आय.बी.एम. कंपनीत जेराल्ड टेसॉरो यांनी टीडी-गॅमन नावाचा संगणक-कार्यक्रम तयार केला. तो स्वतःशीच डाव खेळत शिकला. पुढच्या एका आवृत्तीत अशा डावांची संख्या १५ लाखांवर गेली. या तिन्ही दानांना त्याने मागचा जुग फोडणे पसंत केले. तज्ज्ञांनी ते तपासून पाहिले, आणि चार-एक व पाच-एक यांपुरता जुना रिवाज जवळजवळ मोडीत निघाला. दोन-एकला मात्र दोन्ही चाली आजही खेळल्या जातात. त्यांत डावे-उजवे फारसे नाही. मला स्वतःला ५ व्या घराचा मोह सुटत नाही, हे कबूल केले पाहिजे.

हा मोह केव्हा आवरावा, ते मात्र सांगता येते. समजा, पहिले दान प्रतिपक्षाचे होते आणि आपला जुग फोडून त्याने एक सोंगटी आपल्या दुसऱ्या घरात आणून ठेवली आहे. आता आपल्याला दोन-एक पडले आणि आपण ५ व्या घरात एकटी सोंगटी ठेवली, तर तिला तीनही मारतो आणि चारही. तीन किंवा चार असलेली २० दाने, दोन-एकची दोन, शिवाय एक-एक आणि दोन-दोन: ३६ पैकी २४. मघाशी जी चाल धाडसाची होती, ती समोरच्याची एक सोंगटी एक घर सरकताच अविचाराची झाली; आपले दान तेच, आपल्या सोंगट्याही त्याच.