सेन्सॉरच्या कात्रीला शब्दांची भीती का वाटते?

थिएटरमधले दिवे मालवले की पडद्यावर आधी सर्टिफिकेट येतं. तेव्हा आपण सीट तरी शोधत असतो, नाहीतर पॉपकॉर्न सांभाळत असतो. पण टीव्हीवर एखादा जुना पिक्चर लागला, तर त्या सर्टिफिकेटचा खालचा डावा कोपरा नीट बघा. तिथे छोटा त्रिकोण दिसला, तर समजायचं की या पिक्चरला कात्री लागली आहे. काय कापलं, ते मात्र त्रिकोण सांगत नाही.

ही कात्री आली १९१८च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने. दोन वर्षांत मुंबईत सेन्सॉर बोर्डही बसलं. आपण म्हणतो सेन्सॉर म्हणजे किसिंग सीन. पण आपल्या मातीतल्या पिक्चरांवर कात्री चालली ती बऱ्याचदा एखाद्या शब्दावर.

१९३०ची गोष्ट. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने शिवरायांवर मूकपट काढला, 'स्वराज्याचे तोरण'. दिग्दर्शक व्ही. शांताराम, महाराजांच्या भूमिकेतही तेच. पडद्यावर कुणी अवाक्षर बोलणार नव्हतं, तरी इंग्रजांना नावातलं 'स्वराज्य' खटकलं. शेवटी पिक्चर आला 'उदयकाल' या नावाने. एका शब्दाची एवढी धास्ती का, हे न्हावा शेवा, उरण, पनवेलच्या मुलांना वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला आपल्या चिरनेरमध्ये जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला होता. पुढे १९३५मध्ये 'प्रभात'नेच संत एकनाथांवर 'महात्मा' काढला, बालगंधर्वांना घेऊन. गांधीजींची आठवण नको म्हणून त्याचाही 'धर्मात्मा' झाला.

इंग्रज गेले, कात्री राहिली. घटनेने अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं, त्याला मर्यादाही घातल्या. ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या माहितीपटावरून थेट सुप्रीम कोर्ट गाठलं. पुस्तक छापण्याआधी कुणाला दाखवावं लागत नाही, मग सिनेमाच का, हा त्यांचा सवाल होता. १९७०मध्ये कोर्ट म्हणालं, सिनेमा माणसाच्या भावना इतर कलांपेक्षा जास्त हलवतो, म्हणून आधी तपासणं घटनेत बसतं. या म्हणण्यात तथ्य आहेच. भडकवणारा पिक्चर दंगलही पेटवू शकतो. पण भावना हलवणं हा गुन्हा आहे की सिनेमाचं कामच ते?

आता गेल्या काही वर्षांतलं बघा. अनंत महादेवन यांचा 'फुले' ११ एप्रिल २०२५ला, म्हणजे जोतिबांच्या जयंतीला येणार होता. ट्रेलरवरून वाद झाला, पिक्चर २५ एप्रिलवर गेला. बोर्डाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' असे उल्लेख काढायला सांगितले. गंमत म्हणजे फुल्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने १८५५मध्ये लिहिलेल्या निबंधाचं नाव आहे 'मांग महाराच्या दुःखाविषयी'. तो तेव्हा 'ज्ञानोदय'मध्ये छापूनही आला. म्हणजे एका शाळकरी मुलीने १७० वर्षांपूर्वी जे शब्द उघड लिहिले, ते आज तिच्या गुरूंवरच्या पिक्चरमध्ये अडचणीचे ठरले. जात त्या शब्दांमुळे आली नव्हती, ते काढल्याने जाणारही नाही.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? तुमच्यातलं कुणीतरी उद्या पिक्चर काढेल. पूर्वी बोर्डाचा निर्णय पटला नाही तर अपिलासाठी ट्रिब्युनल होतं. २०२१मध्ये ते बंद झालं. आता सरळ हायकोर्ट गाठायचं. 'उडता पंजाब'वाल्यांनी २०१६मध्ये तेच केलं. बोर्डाने १३ बदल सांगितले होते, मुंबई हायकोर्टाने एकच कट ठेवला. पण मोठ्या प्रोड्युसरला वकील परवडतो. मित्रांकडून वर्गणी काढून पिक्चर करणाऱ्याला नाही. तो बोर्डाकडे जाण्याआधी स्वतःच स्वतःचे शब्द खोडतो, आणि त्या खोडाखोडीला कुठल्याच सर्टिफिकेटवर त्रिकोण नसतो.

तोवर एक करा. मुक्ताचा निबंध कॉलेजच्या लायब्ररीत शोधून वाचा आणि मग 'फुले' बघा. काय गाळलं, ते तुमचं तुम्हालाच कळेल.