अंगणातला शिंजीर

अमेरिकेतील एका नातलगाकडून आलेल्या छायाचित्रात ओसरीवर लाल रंगाची बाटली टांगलेली होती, आणि तिच्यासमोर हवेत जागच्या जागी तरंगत एक अंगठ्याएवढा पक्षी साखरेचे पाणी पीत होता. तो हमिंगबर्ड. माझ्या धाकट्या बहिणीने ते पाहिले आणि शिरगावच्या आमच्या पडवीतही बाटली लागलीच पाहिजे असा हट्ट धरला.

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडातच आढळतो. आपल्याकडे त्याच्या जागी आहे शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. दोघेही चिमुकले, दोघेही चकाकते, दोघेही फुलांतला मध पिणारे. पण नाते मात्र काही नाही. एकाच धंद्यातली दोन माणसे कालांतराने सारखी दिसू लागावीत, तसे हे साम्य. शिंजीर क्षणभर तरंगू शकतो, परंतु त्याला फांदीवर बसून, प्रसंगी उलटे लोंबकळून मध पिणेच पसंत. तेव्हा त्याला बसावयास जागा हवी.

बाटली टांगली. एक भाग साखर, चार भाग पाणी. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली, तिसऱ्या दिवशी पाणी आंबले. आपल्या हवेत ते रोज बदलावे आणि बाटली रोज घासावी लागते. शिंजीर मात्र दोन हातांवरच्या जास्वंदीवर खुशाल येत होता! मोठ्या फुलाच्या तळाशी चोच खुपसून तो मागल्या दाराने मध पितो, हे आम्ही तेव्हा प्रथम पाहिले.

बाटलीपेक्षा झाडे बरी, ती अशी. जास्वंद साधी, एकेरी पाकळ्यांची लावावी. परसात केळ असली तर केळफुलावर तो हटकून येतो. गडग्याकडेला पांगारा, धायटी किंवा मुरुडशेंग असेल तर ती तोडू नये. आणि औषधांची फवारणी अंगणापुरती तरी टाळावी, कारण पिल्ले मधावर वाढत नाहीत. त्यांना किडे आणि कोळी लागतात.

आता घरातल्या वादाचा विषय, बांडगूळ. डॉ. सालिम अली यांनी 1932 साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात फुलांकडे येणाऱ्या पक्ष्यांवर दीर्घ लेख लिहिला होता. बांडगुळाची नळीसारखी फुले शिंजिराला फार आवडतात. पक्व कळी त्याने चोचीने दाबली की ती उकलते व पराग त्याच्या डोक्याला लागतात. मी वडिलांना म्हटले, कलमांवरचे काढा, पण गडग्याजवळच्या रायवळ आंब्यावरचे एक राहू द्या. ते म्हणाले, "आज तिथे ठेवलेस, की उद्या ते हापूसवर येईल." त्यांचे खरे होते. फुलटोच्या नावाचा दुसरा इवला पक्षी त्याची फळे खातो आणि चिकट बी शेजारच्या फांदीला पुसून ठेवतो. बांडगूळ गेले. मला अजून ते रुचलेले नाही, पण उत्तरही सुचलेले नाही.

गेल्या फाल्गुनात पडवीतल्या कपड्यांच्या तारेवर जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या मादीने घरटे बांधले. घरटे कसले, लोंबती पिशवीच ती! गवत, सालींचे तुकडे, कागदाचे कपटे, सारे कोळ्याच्या जाळ्याने सांधलेले. दाराशी लहानशी पाखही. जाळे ती आमच्याच वळचणीतून नेत असे. पाडव्याची झाडलोट तोंडावर आलेली, आणि आई तर जळमट दिसले की केरसुणी उचलणारी. दोन अंडी, उबवण्यास 14 ते 16 दिवस. त्यानंतर पिल्ले उडेपर्यंत आणखी जवळजवळ तितकेच.

आईने हिशेब ऐकून घेतला. पाडव्याला सगळे घर लख्ख झाले, पडवीचा तो कोपरा सोडून. कपडे महिनाभर विहिरीजवळ वाळत पडले. पाहुण्यांनी जळमटांकडे पाहिले की आई आधी बोटाने तार दाखवी, मग चहा ठेवी.