एक माकड की नऊ?

दक्षिण अमेरिकेतील माकडे नाकावरून ओळखता येतात. महाराष्ट्रात दिसणाऱ्या माकडांच्या आणि वानरांच्या नाकपुड्या एकमेकींजवळ व खाली वळलेल्या असतात. अमेझॉनच्या जंगलातील माकडांचे नाक बसके असते आणि त्यांच्या नाकपुड्या दोन बाजूंना उघडतात. या माकडांची सामान्यतः पाच कुले मानली जातात. कुलात प्रजाती, प्रजातीत जाती आणि जातीत उपजाती अशी ही उतरंड आहे. जातीचे शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते, उपजातीचे तीन. पहिल्या दोन पायऱ्यांवरही मतभेद होतात, पण खरा वाद रंगतो तो शेवटच्या दोन पायऱ्यांवर.

आपसांत प्रजनन करणारे आणि इतरांपासून प्रजननदृष्ट्या वेगळे राहिलेले प्राणी म्हणजे एक जाती, ही अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेली व्याख्या सर्वपरिचित आहे. एकाच जातीतले, पण वेगळ्या प्रदेशात राहणारे आणि रंगरूपाने निराळे ओळखू येणारे गट म्हणजे उपजाती. अमेझॉनच्या खोऱ्यात मात्र ही कसोटी लावायची कशी, हाच प्रश्न पडतो. तिथल्या नद्या इतक्या रुंद आहेत की, दोन काठांवरच्या माकडांची गाठच पडत नाही. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे हेच निरीक्षण मांडले. विशिष्ट माकड हवे असेल तर स्थानिक शिकारी सरळ नदी ओलांडून पलीकडे जात. उगमाकडे, जिथे नदीचे पात्र अरुंद होते, तिथे मात्र एकच माकड दोन्ही काठांवर आढळे.

उलट, गाठ पडली की संकर होतो, असेही दिसते. ब्राझीलच्या आग्नेय भागात माणसांनी बाहेरून आणून सोडलेल्या मार्मोसेट माकडांचा तिथल्या मूळ मार्मोसेटशी संकर होतो, तरीही त्यांच्या जाती वेगळ्याच मानल्या जातात. म्हणून एकट्या प्रजननावर निकाल देता येत नाही. केसांचा रंग, कवटी, दात, आवाज, गुणसूत्रे आणि डीएनए असे सगळे पुरावे एकत्र तपासावे लागतात.

निशाचर माकडांचे उदाहरण बोलके आहे. सुमारे किलोभर वजन, मोठे डोळे, डोळ्यांवर पांढरे पट्टे आणि कपाळावर तीन काळ्या रेघा असे त्यांचे रूप. सगळीकडची निशाचर माकडे वरवर इतकी सारखी दिसतात की, विसाव्या शतकात दीर्घकाळ ती एकच जाती मानली गेली. पुढे पेशी तपासल्या तेव्हा गुणसूत्रांचा हिशेब जुळेना. कुठे ४६, कुठे ५४, तर कुठे ५८. बोलिव्हियातील एका प्रकारात मादीची गुणसूत्रे ५०, तर नराची ४९ भरली, कारण नराचे वाय गुणसूत्र दुसऱ्या एका गुणसूत्राला चिकटलेले होते. १९८३ मध्ये फिलिप हर्शकोविट्झ यांनी या एका जातीच्या नऊ जाती केल्या. त्यांचे गट दोन: साधारणपणे अमेझॉनच्या उत्तरेला राखाडी मानेचे आणि दक्षिणेला तांबूस मानेचे.

हा निव्वळ कागदी खटाटोप नव्हता. माणसाच्या मलेरियाचे जंतू या माकडांच्या शरीरात वाढतात, त्यामुळे औषधे आणि लसी यांच्या संशोधनात त्यांचा उपयोग होतो. पण सगळ्या जाती संसर्गाला सारखाच प्रतिसाद देत नाहीत. कोणते माकड वापरले हे नीट ठाऊक नसेल, तर दोन प्रयोगांचे निष्कर्ष ताडून पाहण्यात अर्थ उरत नाही.

वर्गीकरण करणाऱ्यांत काहींचा कल गट एकत्र करण्याकडे असतो, तर काहींचा ते वेगळे करण्याकडे. टिटी माकडांच्या बाबतीत १९६३ मध्ये दोनच जाती धरणाऱ्या हर्शकोविट्झ यांनीच १९९० मध्ये तेरा मानल्या. २००२ मध्ये इतर संशोधकांनी उपजातींना जातीचा दर्जा देऊन हा आकडा २८ वर नेला. २०१६ मध्ये डीएनएच्या आधारे त्यांची एकच प्रजातीही तीन प्रजातींत विभागली गेली. या काळात काही जाती जंगलात नव्याने सापडल्या हे खरे, पण यादी वाढली ती मुख्यतः दर्जा बदलल्यामुळे.

दर्जा बदलला की संरक्षणाची गणितेही बदलतात. ब्राझीलच्या अटलांटिक जंगलातील सोनेरी, सोनेरी डोक्याचा आणि काळा हे सिंह-टॅमरिन माकडांचे प्रकार पूर्वी एकाच जातीच्या उपजाती मानले जात. आज त्या स्वतंत्र जाती आहेत आणि १९९० मध्ये वर्णन झालेला काळ्या तोंडाचा सिंह-टॅमरिन ही चौथी. एकाची संख्या घटली तर दुसरा आहे, असे आता म्हणता येत नाही. प्रत्येकीची मोजणी, प्रजनन आणि जंगल यांचा विचार वेगवेगळाच करावा लागतो.