निवडणूक झाली, आता पगार कोण देणार?

पंधरा जानेवारीला मतदान झालं, सोळाला गुलाल उधळून झाला. नांदेड-वाघाळा आणि लातूर महापालिकांत कोण निवडून आलं आणि कुणाची अनामत गेली, हे वाचकांना पाठ आहे. मात्र या वेळी प्रभागाप्रभागांत उमेदवारांइतकीच गर्दी होती ती चॅनेलचं नाव लिहिलेला बूम पुढे करून ‘भैय्या, दोन मिनिटं बाइट द्या’ म्हणणाऱ्या पोरांची. मागची निवडणूक २०१७ ची. लातूरला एप्रिलमध्ये, नांदेडला ऑक्टोबरमध्ये. स्वस्त इंटरनेट तेव्हा नुकतंच हातात आलं होतं. त्यानंतर मुदत संपली, प्रशासक बसले, आणि नगरसेवक नसलेल्या त्या वर्षांत गावोगाव यूट्यूब चॅनेलं आणि पोर्टलं निघाली. त्यामुळे या मंडळींची ही पहिलीच मोठी स्थानिक निवडणूक. पदयात्रेचं लाइव्ह, उमेदवाराची ‘दिलखुलास’ मुलाखत, ‘प्रभागात हवा कुणाची’ असं सगळं झालं. त्यातलं पत्रकारितेचं किती आणि पॅकेजचं किती, हे ज्याचं त्याला ठाऊक.

यूट्यूबवाले पत्रकार आहेत की नाहीत, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा. मला त्यात फारसा रस नाही. नांदेड-लातूरसारख्या ठिकाणी कुणाच्या ओंजळीनं पाणी न पिता बातम्यांचा छोटा धंदा चालवता येतो का, आणि येत असेल तर त्याचा पगार कोण देतो, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

हिशेब मांडून पाहू. दोन वार्ताहर, एक व्हिडिओ कापणारा, एक खोली, पेट्रोल, इंटरनेट. महिन्याला साठ हजार रुपये धरा. यात कुणाची माडी बांधून होत नाही. हे पैसे यूट्यूबवरून काढायचे तर आधी जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं पाहणं हवं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. मग मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के चॅनेलला. शॉर्ट्सचा वाटा त्याहून कमी, ४५ टक्के. मराठी बातमीच्या हजार व्ह्यूजमागे तीस रुपये हातात पडले असं समजू. साठ हजारांसाठी दरमहा वीस लाख व्ह्यूज लागतात. २०११ च्या जनगणनेत नांदेड शहराची लोकसंख्या साडेपाच लाख होती. म्हणजे तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत प्रत्येकानं महिन्याला तीन-चार व्हिडिओ पाहायचे. किनवटच्या रेशन दुकानाची बातमी एवढी कुणी पाहत नाही. चौकातली हाणामारी पाहतात. मग कॅमेरा तिकडेच वळतो, आणि त्यात त्या पोराचा दोष मानायला माझं मन तयार नाही.

तेच साठ हजार दुसऱ्या वाटेनं: दोन हजार माणसं, महिन्याला तीस रुपये. नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्येच साडेतेहतीस लाखांवर होती. दहा हजारांतली सहा माणसं पुरतात. वीस लाख व्ह्यूज आणि दोन हजार वर्गणीदार हे आकडे शेजारी ठेवले की धंदा कुठं आहे ते दिसतं. तरी वर्गणीच्या वाटेला जवळपास कुणी जात नाही, कारण तिसरी, निवडणुकीच्या पॅकेजची वाट सोपी आहे, आणि त्या वाटेचा देशभर गाजलेला धडा नांदेडनंच दिलाय.

२००९ ची विधानसभा निवडणूक. अशोक चव्हाण मुख्यमंत्री आणि भोकरमधून उमेदवार. मतदानाच्या आधीच्या आठवड्यांत मोठ्या मराठी दैनिकांत त्यांच्या कारकिर्दीचा गौरव करणारी पानंच्या पानं आली. पुरवण्यांवर नाव ‘अशोकपर्व’. एकमेकांचे कट्टर स्पर्धक असलेल्या दैनिकांत काही मजकूर शब्दशः एकच होता, आणि जाहिरात असा शिक्का कुठं नव्हता. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये ३० नोव्हेंबर २००९ ला हे उघड केलं. चव्हाणांनी निवडणूक खर्चात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींसाठी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये. पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर निवडणूक आयोगाकडे गेले. आयोगाला अशी चौकशी करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये सांगितलं. जुलैमध्ये आयोगानं हिशेब रीतसर न दिल्याचा ठपका ठेवला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. पैसे देऊन बातम्या छापून आणल्याचा आरोप चव्हाणांनी कायम नाकारला.

मला त्यातला कायदा दुय्यम वाटतो. या प्रकरणात नावं आली ती राज्यभर खपणाऱ्या, छापखाने आणि इमारती असलेल्या दैनिकांची. पेड न्यूजवर प्रेस कौन्सिलनं परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली होती. तिचा दोषींची नावं घेणारा सविस्तर अहवाल २०१० मध्ये कौन्सिलनं बाजूला ठेवला आणि छोटा, मवाळ अहवाल पुढे केला. बड्यांना ही चाल पचली. तेच आता एका खोलीतल्या, तिघांच्या चॅनेलनं केलं की सगळे नाकं मुरडतात. फरक एवढाच की बड्याला निवडणूक ही वरकमाई असते आणि छोट्याला वर्षाचा गल्ला. म्हणून छोट्याचं बोट जास्त अडकतं. ज्याच्या पॅकेजवर जानेवारी निघाली, त्याच्या प्रभागातल्या तुंबलेल्या नालीची बातमी जूनमध्ये कोण करणार?

निवडणूक नसते तेव्हा जाहिरात देतं कोण? दोन्ही शहरांत उत्तर एकच: क्लासेस. लातूर पॅटर्नची ख्याती, नीटचा निकाल, गुणवंतांच्या फोटोंनी भरलेली पानं, हे इथल्या माध्यमांचं दुभतं जनावर आहे. जून २०२४ मध्ये नीटच्या गैरव्यवहाराचे धागे लातूरपर्यंत आले. खासगी शिकवण्या घेणाऱ्या जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांविरुद्ध एटीएसच्या नांदेड पथकाच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवला गेला. ती बातमी सगळ्यांनीच दिली, देणं भागच होतं. पण कुठल्या क्लासच्या फीचं काय, वसतिगृहांची अवस्था काय, निकालाच्या जाहिरातीतला एकच विद्यार्थी किती क्लासेसचा, ही रोजची चौकशी ज्याचा निम्मा गल्ला क्लासेसवर आहे तो करणार नाही. कुठल्याही एका जाहिरातदाराकडून वर्षाच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त घ्यायचं नाही, असा नियम छोट्या संपादकानं पहिल्या दिवशीच वहीत लिहावा. पाळणं कठीण जाईल. पण मोडला की निदान मोडल्याचं कळेल.

सरकारी जाहिरातीची आशा सोडलेली बरी. केंद्राच्या २०२३ च्या डिजिटल जाहिरात धोरणात महिन्याला किमान अडीच लाख वेगवेगळे वाचक अशी अट आहे. तालुक्याच्या पोर्टलला हा डोंगर आहे. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या शुभेच्छा जाहिराती निघतात, पण साप्ताहिकांच्या पदरात पडणारा हा तुकडाही पोर्टलांना सहसा लाभत नाही. मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियतकालिक नोंदणी कायद्यातही डिजिटल बातम्या नाहीत. म्हणून कित्येक जण पोर्टलच्या जोडीला एक साप्ताहिक नोंदवून ठेवतात. आणि ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ अशी पाटी लावणाऱ्या पोर्टलवाल्यांनी ध्यानात ठेवावं, २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार माहिती व प्रसारण मंत्रालयाला आपली माहिती कळवणं म्हणजे परवाना मिळणं नव्हे. त्याच नियमांतल्या आचारसंहितेच्या सक्तीला निखिल वागळे आणि ‘द लीफलेट’ यांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयानं १४ ऑगस्ट २०२१ ला स्थगिती दिली होती. बदनामीचा कायदा मात्र लहानमोठा पाहत नाही. फुटेजचंही तसंच. दुसऱ्याचं उचललेलं दृश्य तीनदा पकडलं गेलं तर यूट्यूब चॅनेलच बंद करू शकतं. एएनआय या वृत्तसंस्थेच्या स्ट्राइकवरून २०२५ च्या मे महिन्यात मोठमोठे यूट्यूबर हादरले होते.

तीस रुपये लोक कशाचे देतील? अग्रलेखाचे देणार नाहीत, हे संपादकांना कितीही झोंबलं तरी. लातूरच्या बाजारात सोयाबीन आज कितीला सुटलं, याचे देतील. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये आहे, पण आपल्या आडतीवर काय मिळालं आणि खरेदी केंद्रावर ओलाव्याचं कारण सांगून किती माल परत पाठवला, हे पुण्या-मुंबईचं चॅनेल रोज सांगणार नाही. विष्णुपुरीचे किती दरवाजे उघडले, मांजरा धरणात किती पाणी, रात्री नदीकाठानं निजावं की नाही, हेही तसंच. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगावात पाणी शिरलं तेव्हा राज्याच्या वाहिन्या पोचेपर्यंत लोकांचा आधार होता तो गावातल्या मोबाईलमधून निघालेल्या व्हिडिओंचा आणि फिरत्या अफवांचा. त्या रात्री खातरजमा करून तालुक्याची माहिती देणारा एखादा भरवशाचा नंबर असता तर त्याची किंमत तीस रुपयांच्या कितीतरी पुढे गेली असती. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ साली बायकांनी काढलेलं ‘खबर लहरिया’ अशाच हातपंपाच्या, रस्त्याच्या, रेशनच्या बातम्यांवर उभं राहिलं. सुरुवातीला त्याला संस्थेचा हात होता, हे खरं. मुखेडच्या पोराला तो नाही.

गावातल्या माणसाच्या खिशातून नियमित तीस रुपये निघणं जड आहे, हा आक्षेप खरा. पण याच जिल्ह्यांतली किती पोरं पुण्यात आणि हैदराबादेत नोकरीला आहेत? उदगीरच्या किंवा देगलूरच्या गल्लीत काय चाललंय हे त्यांना हवं असतं, आणि यूपीआयवर तीस रुपये टाकताना त्यांचा हात थरथरत नाही. बहुतेक स्थानिक चॅनेलं त्यांच्याकडे फुकटचा प्रेक्षक म्हणून पाहतात. वर्गणी मागायला कुणी गेलेलंच नाही. ‘सबस्क्राइब करा, बेल दाबा’ म्हणत जमवलेले दोन लाख सबस्क्रायबर यूट्यूबच्या मालकीचे असतात. चॅनेल गेलं की तेही गेले. वर्गणीदाराचा नंबर तुमच्या वहीत राहतो. ती वही आता सांभाळावी मात्र लागेल. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत, त्यांतली मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी लागू होतील, आणि त्यात पत्रकारितेला वेगळी सूट नाही. नंबर घेताना संमती घ्या, आणि पुढच्या निवडणुकीत तीच यादी एखाद्या उमेदवारानं मागितली तर काय उत्तर द्यायचं, ते आजच ठरवा. तो मागणार आहे, आणि तीस रुपयांहून बराच जास्त भाव देणार आहे.