तावदानाची काळी किनार

गंगापूर धरणाच्या विस्तीर्ण जलाशयावर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब आल्यापासून, सह्याद्रीच्या रांगेने समुद्रापासून विभक्त झालेल्या नाशिकलाही नौकांच्या निगेचा प्रश्न परका राहिलेला नाही. आणि या निगेतील जी बाब केवळ शोभेची समजून रंगाऱ्याच्या हवाली केली जाते, त्या केबिनच्या ॲक्रिलिक तावदानांभोवती फिरणाऱ्या दोन-तीन अंगुळे रुंदीच्या काळ्या पट्टीविषयी सविस्तर लिहिणे मला अगत्याचे वाटते. उन्हाने ही पट्टी करडी पडते, तिचे पापुद्रे सुटू लागतात, आणि मग एखाद्या सुटीच्या तोंडावर काळ्या रंगाचे दोन हात मारून काम उरकले जाते.

वास्तविक ही पट्टी शोभेसाठी नाहीच. हल्लीच्या नौकांत तावदान पुष्कळदा स्क्रूंनी न कसता भिंतीला चिकटविलेले असते, आणि ते पारदर्शक असल्यामुळे केबिनमध्ये येणारे ऊन कडेच्या चिकटद्रव्यावरही थेट पडते. सिलिकॉन या उन्हाला फारशी दाद देत नाही. परंतु पॉलियुरेथेनच्या जातीच्या चिकटद्रव्याची पकड उन्हातील अतिनील किरणांनी वर्षागणिक क्षीण होत जाते. काळी पट्टी म्हणजे या चिकटद्रव्यावर धरलेली छत्री होय. नाशिकच्याच सातपूर भागातील कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारींच्या पुढील काचेभोवती जी काळी किनार दिसते तिचेही प्रयोजन हेच. मात्र ती सहाशेहून अधिक अंशांच्या उष्णतेत काचेवर भाजून एकजीव केलेली असते, आणि ॲक्रिलिक तर शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडत असल्याने त्याला रंगावाचून गत्यंतर राहत नाही.

ॲक्रिलिक हा पदार्थ १९३३ साली जर्मनीत ऑटो रोम यांच्या कंपनीने ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने बाजारात आणला, आणि दुसऱ्या महायुद्धात तो विमानांच्या छतांसाठी मुबलक वापरला गेला. नाशिककरांना तो अपरिचित मानण्याचे कारण नाही, कारण १९६४ साली स्थापन झालेल्या, नाशिकजवळच्या ओझर येथील विमान कारखान्यात जी मिग-२१ विमाने तयार झाली त्यांच्या वैमानिकाच्या माथ्यावरील पारदर्शक छत याच जातीच्या पदार्थाचे होते. काचेच्या निम्म्याहून कमी वजन आणि आघात सोसण्याची अधिक शक्ती हे त्याचे गुण. परंतु उष्णतेने तो काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावतो. नाशिकच्या थंडीतील पहाटेचे पाच अंश आणि वैशाखातील उन्हात तापलेल्या काळ्या कडेचे पासष्ट अंश असा फरक धरला, तर मीटरभर लांबीच्या तावदानात सुमारे चार मिलिमीटरांची वाढघट होते, आणि ती सोसण्याइतका लवचीकपणा ज्या रंगात नाही तो रंग, कितीही महाग असला तरी, तडकून सुटल्यावाचून राहत नाही.

म्हणून रंग देण्यापूर्वी पहिली खातरजमा करावयाची ती ही की, जुना रंग तावदानाच्या बाह्य पृष्ठावर आहे की आतल्या, म्हणजे चिकटद्रव्याकडील, पृष्ठावर. बाहेरचा असेल तर तो जागच्या जागी नवा करता येतो. आतल्या बाजूचाच सुटला असेल तर मामला गंभीर समजावा. कारण तेथे चिकटद्रव्याने रंगाला धरलेले असते आणि रंगाने तावदानाला, तेव्हा रंग सुटला म्हणजे बंधनच सुटले, आणि बाहेरून दिलेला नवा थर ही केवळ दोष झाकण्याची तजवीज ठरते. अशा वेळी तावदान उतरवून, जुने चिकटद्रव्य पूर्णपणे काढून, ते नव्याने बसविणे हाच मार्ग.

बाहेरच्या रंगकामात सर्वांत मोठा शत्रू थिनर होय. मोटारीच्या पत्र्यावर थिनरचे फडके फिरविण्याची सवय झालेला कारागीर तोच शिरस्ता येथे पाळतो, आणि थोड्याच अवधीत ताणाखाली असलेल्या ॲक्रिलिकच्या अंगात केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते, जे पुन्हा भरून येत नाही. रंग काढण्याची रसायने तर त्याहून घातक. सौम्य साबण आणि भरपूर पाणी यांनी धूळ वाहवून द्यावी, कारण कोरडे पुसले की ओरखडे उठतात; सुटलेला रंग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा; पट्टीची सीमा मास्किंग टेपने बांधून तेवढ्याच जागेवर चारशे आणि मग सहाशे नंबरचा वॉटर पेपर हलक्या हाताने चालवावा. सिलिकॉनचा लेशही तेथे राहिला तर त्यावर रंग धरत नाही. ॲक्रिलिकला चालेल असा लवचीक रंग निवडून तो आधी त्याच जातीच्या तुकड्यावर लावून एक-दोन दिवस पाहावा, आणि मगच पातळ थरांत चढवावा. टेप ओढताना सुरी मुळीच चालवू नये, कारण तिची रेघ हीच पुढे चिरेचा आरंभ ठरते. हे काम कार्तिक ते माघ या कोरड्या दिवसांत, सावलीत करणे उत्तम.

नौका ज्यांच्या ताब्यात आहेत त्या मालकांना आणि संस्थांना माझी आग्रहाची विनंती आहे की, या रंगकामाचा ठेका देताना ‘प्रथम चिकटद्रव्याची तपासणी, आणि थिनरचा वापर वर्ज्य’ ही दोन कलमे करारात स्पष्ट लिहून घ्यावीत, व ती पाळली गेल्याची खात्री पटेपर्यंत देयक मंजूर करू नये.