अहवालातला एक शब्द

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या थोडं वर, थायमस नावाची एक ग्रंथी असते. बहुतेकांना ती आपल्याला आहे हेही ठाऊक नसतं. लहानपणी ती भरीव असते. मोठेपणी आक्रसत जाते आणि तिच्या जागी चरबी साठते. वैद्यकशास्त्रानंही तिला बराच काळ बिनकामाचीच ठरवली होती. १९६१ मध्ये जॅक मिलर या संशोधकानं नवजात उंदरांची थायमस काढून दाखवून दिलं, की तिच्यावाचून प्रतिकारशक्ती नीट घडतच नाही. आपल्या रक्तातल्या ‘टी’ पेशींमधला टी तो थायमसचा.

या ग्रंथीत गाठ झाली तर ती बहुधा थायमोमा असते. ती पुष्कळदा सावकाश वाढते. पण क्वचित निघतो तो थायमिक कार्सिनोमा. हा विरळा आणि आक्रमक. तो शेजारच्या रक्तवाहिन्यांत, फुप्फुसात घुसतो. लसिकाग्रंथी, यकृत, हाडं इथवर पोचतो. खोकला, दम, छातीत दुखणं ही लक्षणं कशाचीही असू शकतात. गाठीनं वरची मोठी शीर दाबली गेली की चेहरा आणि मान सुजते, आणि मग धावपळ सुरू होते. शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी असे उपचार आहेत. गाठ संपूर्ण काढता आली तर आशा अधिक, पण निदान होईतो ती संधी अनेकदा निसटलेली असते.

अशा माणसाचं घर कसं चालायचं? अमेरिकेत सोशल सिक्युरिटी खात्याकडून अपंगत्वाचं वेतन मिळतं, पण त्याची व्याख्या कडक आहे. निदान बारा महिने टिकेल किंवा मृत्यूकडे नेईल अशा आजारामुळे माणूस पोटापुरतं काम करू शकत नाही, हे सिद्ध व्हावं लागतं. त्यासाठी पाच पायऱ्यांची छाननी होते आणि त्यात महिने जातात. काही रोगांचे रुग्ण तेवढे महिने काढतील याचीच खात्री नसते. म्हणून ऑक्टोबर २००८ मध्ये पन्नास गंभीर आजारांची एक खास यादी करण्यात आली. ती पुढे वाढत गेली, आणि थायमिक कार्सिनोमा आज तिच्यात आहे. वेगळा फॉर्म भरावा लागत नाही. अर्जातलं रोगाचं नाव संगणक ओळखतो, प्रकरण बाजूला काढलं जातं आणि निर्णय काही आठवड्यांत लागू शकतो.

इथेच सगळी मेख आहे. संगणक नाव ओळखतो, गाठ नव्हे. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘मेडियास्टायनल मास’, म्हणजे छातीच्या मध्यभागातली गाठ, एवढंच लिहिलेलं असेल तर अर्ज साध्या रांगेत जाण्याचा धोका असतो. ‘थायमोमा’ लिहिलं तर तो वेगळाच रोग झाला. बायोप्सीच्या पॅथॉलॉजी अहवालात ‘थायमिक कार्सिनोमा’ हे शब्द हवेत, आणि अर्जातही तेच. सोबत रोगाचा प्रसार दाखवणारा सीटी स्कॅनचा अहवाल आणि उपचारांच्या नोंदी हव्यात. या भागातल्या गाठींसाठी नियम पाहतो तो मुख्यतः दोन गोष्टी: रोग लसिकाग्रंथींपर्यंत किंवा त्यापलीकडे गेला आहे का, किंवा पहिल्या उपचारानंतरही तो उरला वा उलटला आहे का.

मात्र निर्णय लवकर म्हणजे पैसे लवकर, असं नाही. विमा-हप्त्यांतून मिळणाऱ्या या वेतनाला पूर्ण पाच महिन्यांची प्रतीक्षा आहेच, आणि मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा सहसा वेतनाचा हक्क सुरू झाल्यावर चोवीस महिन्यांनी लागू होतो. एएलएस या मज्जातंतूंच्या आजाराला कायद्यानं या दोन्ही अटींतून सूट दिली आहे. थायमिक कार्सिनोमाला नाही. मला हा भेद पटत नाही. एवढं खरं, की पाच महिने मोजले जातात ते काम करणं अशक्य झालं तेव्हापासून, अर्ज केल्या दिवसापासून नव्हे. म्हणून कामाचा शेवटचा दिवस दाखवणारा कंपनीचा कागद जपून ठेवावा.

आपली मुलंबाळं तिकडे असतात, म्हणून आणखी एक. पगारातून हप्ता कापला जातो म्हणजे हक्क मिळालाच, असं समजू नये. वयाच्या एकतिशीनंतर आजारी पडलेल्याला साधारणपणे मागच्या दहा वर्षांतली पाच वर्षं तिथे नोकरी केलेली असावी लागते. दोन वर्षांपूर्वी गेलेला चाळिशीचा इंजिनिअर या हिशेबात बसत नाही. आपल्याकडे प्रश्न निराळा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मोजले आहेत, त्यांत कर्करोग नाही. रोगामुळे वा उपचारांमुळे त्या एकविसांपैकी एखादं अपंगत्व आलं तरच टक्केवारी मोजली जाते, आणि बहुतेक सवलतींना चाळीस टक्के लागतात.

तिकडे राहणाऱ्या कुणाचं पहिलं ऑपरेशन किंवा बायोप्सी भारतात झाली असेल, तर रुग्णालयातून निघताना केवळ डिस्चार्ज कार्ड घेऊन येऊ नका. पॅथॉलॉजीचा मूळ अहवाल सहीशिक्क्यानिशी मागा आणि बायोप्सीच्या काचपट्ट्याही मागून घ्या. तिकडच्या डॉक्टरांना निदानाची खात्री करून घ्यायची झाली, तर याच काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)